दोन दुकानांतलं औषध

प्रस्तावना

धाराशिवच्या बाजारपेठेत 'औषध' हा एकच शब्द दोन दुकानांत चालतो. मेडिकलमध्ये आजोबांच्या गोळ्या मिळतात तेही औषध आणि कृषी सेवा केंद्रात सोयाबीनवरच्या अळीसाठी डबा मिळतो तेही औषध. 'औषध मारायचंय' म्हटलं की फवारणी, 'औषध घेतलं का' म्हटलं की गोळी, आणि 'औषध प्याला' एवढे दोन शब्द कानावर आले की अख्खी गल्ली गप्प होते. शब्दकोशाच्या शिस्तीत हा घोळ वाटेल. रसायनशास्त्राच्या बाजूनं पाहिलं, तर लोकांनी नकळत नेमका शब्द वापरला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्माइन लिहून देतात. शेतात प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली कीटकनाशकं फवारली जातात. ही दोन्ही औषधं शरीरातल्या एकाच विकराला, ॲसिटिलकोलिनेस्टरेजला, अडवतात. रिव्हास्टिग्माइन तर रचनेनं कार्बामेट आहे, म्हणजे कार्बोफ्युरान या कीटकनाशकाच्याच भावकीतलं. एका दुकानातलं औषध आजोबांना नातवाचं नाव आठवायला थोडी मदत करतं, दुसऱ्या दुकानातलं माणसाचा श्वास थांबवतं. घाव मात्र दोघांचाही एकाच जागी असतो. फरक आहे तो किती जोरानं, किती वेळ आणि शरीरात कुठं कुठं, एवढाच. 'एवढाच' म्हणताना मला त्या शब्दावर जोर द्यायचा आहे, कारण मेंदूतल्या संदेशक रसायनांबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते या फरकात आहे. ही रसायनं स्वतः चांगली नसतात, वाईट नसतात, आनंदाची नसतात, दुःखाची नसतात. निरोप कोणाच्या हाती पडला, कुठं पडला आणि वेळेवर पुसला गेला की नाही, यावर त्याचा अर्थ ठरतो.

एका चेतापेशीकडून दुसरीकडं निरोप जातो तो तारेतून वीज जावी तसा सलग जात नाही, हे विज्ञानाला तसं उशिरा कळलं. दोन पेशींमध्ये फट असते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या जेमतेम एका भागाएवढी. १९२१ साली ऑटो लोवी यांनी ग्राझ शहरात बेडकाची दोन हृदयं मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. एकाचा चेतातंतू चेतवून त्याची गती मंद केली आणि त्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं. दुसरं हृदयही मंदावलं. त्याच्या चेतातंतूला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता. तो पदार्थ ॲसिटिलकोलीन निघाला आणि १९३६ चं नोबेल लोवी व हेन्री डेल यांना मिळून गेलं. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट इथं संपते. मला ती इथून पुढं जास्त महत्त्वाची वाटते. फटीत सोडलेलं ॲसिटिलकोलीन तिथंच राहिलं, तर स्नायू एकदा आखडला की आखडलेलाच राहील. म्हणून फटीतच पुसणारा बसलेला असतो. त्या विकराचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. आपण बोट वाकवतो आणि लगेच सरळ करतो, त्यातलं सरळ करणं या पुसण्यावर चालतं.

फवारणीचं विष या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवतं. वारं तोंडावर घेऊन, उघड्या अंगानं, गळका पंप पाठीवर घेऊन दिवसभर फवारणी केलेला मजूर संध्याकाळी दवाखान्यात येतो, तेव्हा तिथली अनुभवी सिस्टर रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ आणि डोळ्यांतून पाणी थांबत नाही, छातीत घरघर असते आणि दंडाच्या कातडीखाली स्नायू अळ्या वळवळाव्यात तसे लवत असतात. ही सगळी लक्षणं एकाच रसायनाची आहेत, हे नीट पाहण्यासारखं आहे. लाळग्रंथीत त्याचा अर्थ 'सोड', बाहुलीत 'आवळ', दंडात 'आखड', हृदयात मात्र 'हळू'. आणि मेंदूत? तिथं लक्ष देणं, आठवण धरणं, स्वप्न पाहणं या कामांत त्याचा हात आहे. एकच रसायन हृदयाला हळू आणि दंडाला चल म्हणतं, कारण दोन ठिकाणी निरोप ऐकणारे पेशीवरचे रेणू, म्हणजे ग्राही, वेगळ्या घडणीचे आहेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली. त्यावर बोललं गेलं ते बहुतेक मास्क-हातमोज्यांविषयी आणि कंपन्यांविषयी, आणि ते बोलणं आवश्यकच होतं. पण शेतकऱ्याच्या पंपात असलेला द्रव त्याच्याच आठवणीच्या यंत्रणेला हात घालतो, हे त्याला कोणी समजावून सांगितल्याचं दिसत नाही.

बालाघाटाच्या माळावर आणि पायथ्याच्या काळ्या रानात याच फटीचे आणखी दोन अभ्यासक फिरतात. साप चावला असं थेट न म्हणता 'पान लागलं' म्हणायची रीत आहे. पान कोणाचं लागलं यावर शरीरात काय घडणार हे ठरतं. नागाचं विष स्नायूवरच्या ग्राहीवर जाऊन बसतं. निरोप निघतो, पोचतोही, पण दार आतून बंद. मण्यारीचं विष मुख्यतः निरोप सोडणारं टोकच निकामी करतं. दार उघडं असून कोणी येतच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही रोगी सारखेच दिसतात: पापण्या जड, मान टेकवलेली, आवाज घोगरा, गिळता येत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश दुखत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि डोळे उघडत नाहीत. घरच्यांना वाटतं, झोप पुरी झाली नाही. क्वचित वाटतं, रात्री प्यायला असेल. प्रत्यक्षात तो माणूस पुष्कळदा पूर्ण जागा असतो, खाटेभोवती चाललेलं बोलणं ऐकत असतो, फक्त पापणी उचलायचा निरोप पापणीपर्यंत पोचत नसतो. दोन्ही सापांतला फरक उपचारात उघडा पडतो. निओस्टिग्माइन हे औषधही पुसणाऱ्या विकरालाच थोडा वेळ रोखतं, म्हणजे फवारणीच्या विषाचंच सौम्य भावंड. ते दिलं की फटीत ॲसिटिलकोलीन साचतं आणि नागाच्या विषाशी ग्राहीच्या जागेसाठी झगडू लागतं. रोग्याच्या पापण्या उचलल्या जातात. मण्यारीच्या दंशात तेच औषध सहसा फिकं पडतं. सोडणारंच टोक मेलं असेल तर साचणार काय? तिथं टोक पुन्हा फुटेपर्यंत कृत्रिम श्वासावर दिवस काढणं हाच मार्ग. विषावर विष उपयोगी पडणं ही म्हण झाली. इथं ती कुठं लागू पडते आणि कुठं नाही, हे आधीच सांगता येतं. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून बंगारोटॉक्सिन वेगळं काढलं, आणि पुढं त्याच विषाच्या चिकटपणाचा उपयोग करून शास्त्रज्ञांना ॲसिटिलकोलीनचा ग्राही पहिल्यांदा हातात धरता आला. तोवर ग्राही ही बरीचशी कल्पनाच होती.

विंचवाची गोष्ट वेगळी, आणि तिच्यात आपल्या मुलखाचा माणूस आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं अत्यवस्थ होणाऱ्या रोग्यांतले शंभरात तीस-चाळीस जण दगावत. त्यांनी खाटेशेजारी बसून तासातासाची टिपणं काढली: आधी उलटी, दरदरून घाम, लाळ, मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढा, मग फुप्फुसात पाणी आणि तोंडाला गुलाबी फेस. विंचवाचं विष चेतातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, त्यामुळं नॉरॲड्रिनलीन आणि ॲड्रिनलीन यांचा लोंढा सुटतो. बावस्करांनी विष मारायचा प्रयत्न सोडला आणि लोंढा ज्या ग्राहींवर आदळतो ते झाकायचं ठरवलं. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यासाठी पुरली. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तांत आला आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरलं. प्राझोसिन विषाला हातही लावत नाही, ही गोष्ट वाचकानं गाठीला बांधून ठेवावी. पुढं नैराश्याचा विषय येईल तेव्हा ती लागणार आहे. जाता जाता, पैठणच्या एकनाथांनी भारुडात काम-क्रोधाला विंचू म्हटलं आणि दंशाबरोबर घामही आणला. माणूस संतापतो किंवा घाबरतो तेव्हा जी रसायनं थोडी थोडी सुटतात, तीच विंचू एकदम सोडवतो. नाथांना शरीरशास्त्र ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. तशा दाव्यांचा आपल्याकडं आधीच सुकाळ आहे. त्यांनी रोगी नीट पाहिला होता, इतकं मात्र खरं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. विष हा टोकाचा प्रकार आहे; दरोडा पडलेल्या घरावरून रोजचा संसार कसा कळावा? शिवाय वरची सगळी उदाहरणं स्नायूंची, घामाची, हृदयाची आहेत. स्वभाव, इच्छा, दुःख यांचं काय? पहिल्या भागाचं उत्तर प्राझोसिनच देतं. लोंढ्याला जे औषध लागू पडतं, तेच रोजच्या चढ्या रक्तदाबालाही लागू पडतं. म्हणजे विंचू नवी यंत्रणा आणत नाही, असलेलीच ताणतो. त्याच यंत्रणेचा धागा मनापर्यंतही जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी आणि सास्तूर भागातली गावं जमीनदोस्त केली. त्या पहाटेआधीच्या आठवड्यात घरी काय शिजलं हे तिथल्या कोणाला आठवणार नाही, त्या पहाटेची मिनिटं मात्र आठवतात. १९९४ साली काहिल, मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की भावना हलवणारी गोष्ट माणसाला साध्या गोष्टीपेक्षा जास्त लक्षात राहते. पण ॲड्रिनलीनचे ग्राही अडवणारं प्रोप्रॅनोलॉल आधी दिलं, तर हा जादाचा ठसा उमटत नाही. साधी गोष्ट तेवढीच आठवते. हृदय धडधडवणारा निरोप मेंदूत 'हे कोरून ठेव' असा वाचला जातो.

हालचाल आणि इच्छा यांचं नातं सर्वांत उघड दिसतं ते डोपामाइनमध्ये, आणि तिथवर जायचा रस्ता आपल्याच रानातल्या दोन वनस्पतींवरून जातो. सर्पगंधेचा उपयोग वैद्यांना जुना. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरचा तिचा परिणाम मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडं वळलं. तिच्यातून काढलेलं रिसर्पिन चेतापेशींमधले संदेशक रसायनांचे साठे रिकामे करतं. १९५७ च्या सुमारास स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून, जागच्या जागी गोठून बसले. मग डोपामाइनचा कच्चा माल असलेलं एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ते उड्या मारू लागले. १९६० साली व्हिएन्नात पार्किन्सन्सच्या मृत रुग्णांच्या मेंदूंत नेमकं डोपामाइनच कमी सापडलं. एल-डोपा हे मात्र कारखान्याचं अपत्य नव्हे. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच खाजकुहिलीच्या बियांतून ते वेगळं केलं होतं. तेव्हा त्याचा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. पुढं १९७८ मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी त्या बियांची पूड पार्किन्सन्सच्या रुग्णांना देऊन नोंदी प्रसिद्ध केल्या. बांधावरच्या ज्या वेलीच्या शेंगेला हात लागला की पोरं अंग खाजवत घरी पळतात, तिच्या बीमध्ये हे बसलेलं आहे. म्हणून कोणी घरी कुहिलीची पूड खाऊ लागू नये. बीमधलं प्रमाण कमीजास्त असतं आणि मात्रा चुकली की अंग अनावर वळवळू लागतं.

पार्किन्सन्सच्या माणसाचे स्नायू निकामी झालेले नसतात. तो उंबऱ्यापाशी येऊन खिळतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पण जमिनीवर खडूनं आडव्या रेघा मारल्या तर तो एकेक रेघ ओलांडत चालू लागतो. सपाट जागेवर अडखळणारे काही जण जिना सहज चढतात. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी हृषिकेश पवार यांचे नृत्यवर्ग चालत आले आहेत ते याच पायावर: आतून उठणारा इशारा क्षीण झाला, तरी बाहेरच्या तालानं उठणारं पाऊल शाबूत असतं. म्हणजे डोपामाइन पाय हलवत नाही. आता हलणं योग्य आहे, याचा कौल ते देतं. हाच कौल इच्छेतही लागतो. अशा काही रुग्णांना डोपामाइनची नक्कल करणारी औषधं, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल, दिल्यावर त्यांच्यातल्या काहींना जुगाराचं किंवा खरेदीचं अनावर वेड लागलं आणि औषध कमी केल्यावर ते ओसरलं. आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली माणसंही होती त्यांत. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामाइन पेशींमधली वीज मोजली. अनपेक्षित रस मिळाला की त्या पेशी खणाणत. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकलं, की त्या दिव्यालाच खणाणत आणि रस मिळाल्यावर गप्प राहत. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही थंड पडत. सुखाचं रसायन असतं, तर ते रसाच्या घोटाला सुटलं असतं. ते सुटतं अपेक्षा आणि हाती आलेलं यांच्यातल्या फरकाला. मोबाइलवर 'डोपामाइन उपवास' शिकवणाऱ्या व्हिडिओंनी निदान एवढं तरी समजून घ्यावं.

सेरोटोनिन या संदेशकापाशी मात्र भाषा जपून वापरावी लागते, विशेषतः धाराशिव जिल्ह्यात. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सरकारनं बळीराजा चेतना अभियानासाठी प्रायोगिक म्हणून निवडलेले दोन जिल्हे म्हणजे यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद. अशा ठिकाणी 'नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता' असं म्हटलं, की समोरचा शेतकरी विचारणारच: पाऊस गेला, कर्ज राहिलं, सोयाबीनला भाव नाही, आणि तुम्ही माझ्या मेंदूतलं रसायन मोजताय? हा आक्षेप माझ्या मते निम्मा बरोबर आहे. सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य, याला पुरावा मुळातच दुबळा आहे. २०२२ साली जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून हेच म्हटलं. सेरोटोनिनचं फटीतून परत शोषलं जाणं रोखणाऱ्या गोळ्या काही तासांतच निरोप लांबवतात, माणसाचं मन मात्र उजळायचं तर दोन-चार आठवडे जातात. कमतरता भरून काढण्याचाच प्रश्न असता, तर इतका उशीर का? या मधल्या काळात ग्राहींची संख्या आणि पेशींचे जोड बदलत असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण यावरून 'मग गोळ्या थोतांड' असा निष्कर्ष काढणारेही तितकेच चुकतात. प्राझोसिन आठवावं. ते विषापर्यंत जात नाही, तरी माणूस वाचतो. उपाय जिथं लागू पडतो तिथंच आजार जन्मला असेल असं नाही. मध्यम ते तीव्र नैराश्यात या गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो. कर्ज फेडायचं काम त्या करत नाहीत आणि त्यांनी करावं अशी अपेक्षाही नाही.

उरलेला अर्धा आक्षेप मात्र उलटा फिरतो. दुःखाचं कारण बाहेर आहे म्हणून आतलं रसायन बिनमहत्त्वाचं, असं होत नाही, कारण बाहेरचं सगळं आत येतं ते याच फटींमधून. सावकाराचा फोन, कोरडी विहीर, मुलीच्या लग्नाची तारीख यांचाही शरीरात निरोपच होतो. आणि आत काहीही न बदलता बाहेरून वर्तन बदलता येतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण श्रीलंकेचं आहे. तिथं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या शिखरापासून आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. त्यासाठी कोणाच्याही मेंदूतलं सेरोटोनिन कोणी वाढवलं नव्हतं. जीव द्यावा अशी आलेली लाट पुष्कळदा तासाभरात ओसरते, आणि त्या तासात हाताशी काय आहे, त्यावर जीव राहतो किंवा जातो. अशी बंदी घालणं हादेखील वर्तनावरचा इलाजच आहे. मेंदूविज्ञानाच्या पुस्तकात ही गोष्ट सहसा नसते, आणि कृषी खात्याच्या पत्रकात फटीतली गोष्ट नसते.

आता पुन्हा त्या फवारणीच्या रोग्याकडं जाऊ. त्याला ॲट्रोपिन दिलं जातं, छातीतली घरघर थांबेपर्यंत, पुन्हा पुन्हा. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलीनच्या एका जातीचे ग्राही झाकतं. ते आणि त्याची भावंडं धोतऱ्यातही असतात. मात्रा थोडी पुढं सरकली, की तोच रोगी, ज्याची लाळ थांबत नव्हती, कोरड्या जिभेनं बडबडू लागतो. बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. चादरीवरून न दिसणारे दोरे वेचतो, भिंतीकडं बघून बैलाला हाक मारतो, उशाशी बसलेल्या बायकोला ओळखत नाही. घरच्यांना वाटतं, विष डोक्यात गेलं. सिस्टर ड्रिप हळू करते, आणि काही तासांनी तो पाणी मागतो, बायकोला नावानं हाक मारून.